रंगवलेल्या खिडकीची सावली

१

त्याचे पूर्ण नाव प्रॉस्पेरो जेरोलामो फिगारी, आणि त्या उन्हाळ्यात त्याने वयाची चौऱ्याहत्तर वर्षे पूर्ण केली होती. जेनोवाच्या बंदरात त्याने उमेदीची सारी वर्षे यारी, म्हणजे माल उचलण्याची क्रेन, चालविली. उंचावरच्या काचेच्या खोपटात बसून, खालच्या जहाजाच्या पोटात गाठोडे नेमके कोठे टेकवावयाचे हे ज्याला निव्वळ नजरेने ठरवावे लागते, त्याचा आपल्या डोळ्यांवर विश्वास असतो. प्रॉस्पेरोचा तो विश्वास वयाबरोबर उणावला नव्हता. उलट थोडा फुगलाच होता. शाळा त्याने चौथीत सोडली होती. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्रपाळीच्या फावल्या वेळात, पुस्तकांतून, आणि म्हणून आपल्याला कोणी समजावून सांगितलेले त्यास खपत नसे.

फेब्रुवारीत मात्र एक प्रसंग घडला. बाजारातून येताना तो स्वतःच्याच गल्लीत चुकला आणि शेजारणीने त्याला हाताला धरून घरी आणून सोडले. प्रॉस्पेरोच्या मते गल्ली खणलेली होती, आडवे फळकूट लावलेले होते, आणि वळसा घेताना कोणाचीही दिशा चुकली असती. शेजारणीच्या मते गल्ली जशीच्या तशी होती. शेजारणीने ते ओरिएत्ताला कळविले.

ओरिएत्ता ही त्याची एकुलती एक मुलगी. ती तुरीनला एका औषधांच्या दुकानात औषधे देण्याचे काम करी, आणि नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून एकटी राहत असे.

"बाबा, सप्टेंबरात तुम्ही माझ्याकडे यायचं. खोली रिकामीच आहे," ती दूरध्वनीवर म्हणाली.

"मी माझ्या घरात मरणार आहे."

"मरण्याचं कोण बोलतंय? मी जेवण्याबद्दल बोलतेय. औषधांबद्दल. गल्लीबद्दल."

"गल्ली खणलेली होती."

 मग ओरिएत्ताने तडजोड सुचविली. तिच्या दुकानाच्या मालकाचा सान कालिस्तोच्या टोकावर बंगला होता आणि ऑगस्टात तो पंधरा दिवस मिळणार होता. तेथे दोघांनी मिळून राहावयाचे. "तिथे तुम्ही मला ठणठणीत दिसलात, तर तुरीनचं नाव मी परत काढणार नाही. पण दिसला नाहीत, तर वाद घालायचा नाही. कबूल?"

"कबूल," प्रॉस्पेरो म्हणाला. परीक्षेला तो कधी भ्याला नव्हता.

२

बंगल्यातले दिवस लवकरच एका चाकोरीत पडले. सकाळी ऊन कोवळे असताना प्रॉस्पेरो पायऱ्या उतरून धक्क्यावर जाई, मालकाची वल्ह्यांची होडी सोडी, आणि किनाऱ्याच्या कडेकडेने निघे. त्यास किनारा पाहावयाचा होता, आणि पाहणे म्हणजे त्याच्या लेखी तपासणे. कोणत्या कपारीत पाणी हिरवे दिसते आणि कोणत्या कपारीत जांभळे, आणि ते का. पाणकावळे एकाच खडकावर पंख वाळवीत का बसतात. जुन्या टेहळणी बुरुजाच्या पायथ्याशी लाट आदळली की आत कोठेतरी एक पोकळ हुंकार उठतो, तो कोणत्या भोकातून येतो. असल्या प्रश्नांपायी त्याची सकाळ सरून जाई. एकदा तो त्या बुरुजाखालच्या गुहेत होडीसकट शिरला आणि डोके छताला टेकत आले तेव्हा वाकून, वल्ही आत ओढून, अंधारात बराच वेळ ऐकत बसला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पोरासारखे समाधान होते.

दुपारी जेवण. देल्फिना मोर्तोला नावाची विधवा स्वयंपाकाला आणि झाडलोटीला येई. तिचे तोंड आणि तिचा झाडू एकाच वेगाने चालत. जेवणानंतर वामकुक्षी. त्या वेळी साऱ्या किनाऱ्यावर झडपा मिटलेल्या असत, रस्त्यावर कुत्रेही दिसत नसे, आणि केवळ झाडांवरच्या किड्यांची किरकिर चालू असे.

समुद्रावरून पाहिले असता बंगला गुलाबी दिसे. वरच्या मजल्यावर पाच खिडक्या होत्या, साऱ्यांना हिरव्या पट्ट्यांच्या झडपा. त्यांतील टोकाच्या दोन खऱ्या होत्या. पश्चिमेची प्रॉस्पेरोच्या खोलीची, पूर्वेची ओरिएत्ताच्या. मधल्या तीन भिंतीवर रंगविलेल्या होत्या. यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. त्या किनाऱ्यावर अर्ध्याअधिक घरांच्या अर्ध्याअधिक खिडक्या रंगविलेल्याच असतात. चौकट, कंगोरा, झडपेची एकेक पट्टी, तिच्याखालची सावली, सारे कुंचल्याचे. खिडकी पाडावयास दगड फोडावे लागतात आणि रंगवावयास केवळ शिडी लागते. परगावचा माणूस त्या पाहून बोटे दाखवितो. तेथे जन्मलेल्याची नजर मात्र त्यांवर ठरतच नाही, खरी कोणती नि खोटी कोणती याचा तो विचारच करीत नाही. प्रॉस्पेरोसारख्या चौकस माणसानेही पहिले काही दिवस तिकडे पाहून न पाहिल्यासारखे केले ते याच सवयीमुळे.

एके दिवशी नैर्ऋत्येचा वारा सुटला. होडी परत वल्हवून आणण्यास त्यास फार वेळ लागला आणि तो बंगल्याखाली पोचला तेव्हा दुपार उलटून गेली होती. थकून त्याने वल्ही टाकली, घाम पुसला आणि वर पाहिले.

सूर्य पश्चिमेकडे झुकला होता. टोकाच्या दोन्ही खऱ्या खिडक्यांच्या सावल्या उजवीकडे, पूर्वेला पडल्या होत्या. रंगविलेल्या खिडक्यांच्या सावल्या डावीकडे होत्या, कारण रंगाऱ्याने त्या सकाळच्या उन्हाच्या हिशेबाने काढल्या होत्या आणि रंगाची सावली कलत नाही. हे सारे यथायोग्य होते.

केवळ मधल्या खिडकीची सावली उजवीकडे होती.

३

प्रॉस्पेरोला प्रथम भय वाटले नाही, आनंद वाटला. रंगाऱ्याची चूक सापडली होती. मधली खिडकी कोणी दुसऱ्या हाताने, दुसऱ्या वेळी, दुपारचे ऊन धरून रंगविली असली पाहिजे. त्याने तसे देल्फिनाला सहज विचारून पाहिले.

"देल्फिनाबाई, समुद्राकडची भिंत कधी रंगवली?"

"ईस्टरच्या आधी. का? पोपडे आले? आलेच असतील. तो मेला रंगारी दारू जास्त पीत होता आणि रंग कमी लावत होता."

"एकट्यानेच रंगवली?"

"एकट्याने नाही तर काय पोपने येऊन रंगवली? बोका नावाचा माणूस. खिडकीखाली मांजर काढून देऊ का म्हणाला. मी म्हटलं, बाबा, मला खरी चार मांजरं आहेत, त्यांचंच भागवता भागवता नाकी नऊ येतात. तुम्ही आधी पावटे सोलायला घ्या, नुसतं बसून माझी उलटतपासणी घेऊ नका."

एकच रंगारी, तर मग त्याने एकच खिडकी उलटी का काढावी? प्रॉस्पेरोने रात्री त्यावर विचार केला आणि त्यास उत्तर सापडले नाही. उत्तर न सापडलेला प्रश्न त्यास दातात अडकलेल्या तुकड्यासारखा छळी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बुरुजाकडे जाणे सोडून होडी बंगल्यासमोरच उभी केली.

ऊन पूर्वेकडून येत होते. पाचही खिडक्यांच्या सावल्या डावीकडे होत्या. मधलीचीही.

तो दुपारपर्यंत तेथेच थांबला. टोपी भिजवून डोक्यावर घेतली, वल्ह्याने होडी जागच्या जागी धरली आणि पाहत राहिला. सूर्य माथ्यावर आला तशा खऱ्या खिडक्यांच्या सावल्या आखडत गेल्या. त्यांच्याबरोबर मधलीचीही आखडली. मग ती दुसऱ्या बाजूस, अगदी सावकाश, बाहेर येऊ लागली. तिच्या दोन्ही बाजूंच्या रंगविलेल्या सावल्या आपल्या जागी स्वस्थ होत्या.

त्याने डोळे मिटले, उघडले. यारीच्या खोपटात असताना उन्हाने असे भास होत. तेव्हा तो दूरच्या एखाद्या डोलकाठीकडे पाहून नजर ठिकाणावर आणी. त्याने आता क्षितिजावरच्या एका जहाजाकडे पाहिले. जहाज नीट होते. त्याच्या धुराचा रंगही सांगता आला असता. मग त्याने पुन्हा भिंतीकडे पाहिले.

सावली तेथेच होती.

४

त्या संध्याकाळी जेवताना ओरिएत्ताने तुरीनच्या खोलीचा विषय काढला, पण हळुवारपणे, जणू ती कोणा तिसऱ्याच माणसाची खोली असावी.

"तिथून नदी दिसते."

"नदी म्हणजे मुळात समुद्राला पोचायला उशीर झालेलं पाणी," प्रॉस्पेरो म्हणाला.

ती हसली. मग काटा खाली ठेवून म्हणाली, "बाबा, आज तुम्ही सकाळपासून दुपारपर्यंत होडी एकाच जागी धरून बसला होता. मी वरून पाहत होते. काय पाहत होता?"

जर तो म्हणाला असता की एक रंगविलेली खिडकी उन्हाबरोबर चालते, तर ऑगस्ट संपण्याचीही वाट पाहावी लागली नसती. तिने दुसऱ्याच दिवशी त्यास तुरीनला नेले असते. आणि तिने तसे केले असते म्हणून तिला दोषही देता आला नसता.

"पाणकावळे," तो म्हणाला.

"बंगल्यावर?"

"पाण्यावर. त्यांचं प्रतिबिंब." आपल्या तोंडून असत्य इतक्या सफाईने बाहेर पडलेले पाहून त्याला वाईट वाटले. ओरिएत्ताने मान डोलविली आणि पाव मोडला; पण तिचे डोळे त्याच्यावरच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खालच्या गावात गेली. प्रॉस्पेरो पांढऱ्या सदऱ्यातच आपल्या खोलीतून उठला आणि तिच्या खोलीत शिरला. चोरी नव्हती, दार उघडे होते. तरीही त्याने पाय न वाजविता आत टाकला.

खोली लांबट होती. पूर्वेच्या टोकाला खरी खिडकी, तिची झडप वामकुक्षीसाठी मिटलेली. बाकी समुद्राकडची सारी भिंत कोरी, चुन्याची. आणि तिला डोके टेकून ओरिएत्ताचा पलंग. मधली खिडकी असती तर ती त्याच पलंगाच्या उशाशी असती. त्या भिंतीत काही नव्हते. एक खिळासुद्धा नव्हता.

खोलीत अंधार होता, आणि तरीही छतावर उजेड हलत होता.

तो उजेड त्यास जन्मापासून ठाऊक होता. ऊन समुद्रावर पडून उलटते आणि उघड्या खिडकीतून वर छतावर येते, तेव्हा तेथे पाण्याच्या जाळ्यासारखे काहीतरी थरथरते. तेच होते. पण ते यावयास खिडकी उघडी हवी, आणि खिडकी मिटलेली होती. उजेड पलंगाच्या उशाच्या वरून, भिंतीपाशी सुरू होऊन छतभर पसरला होता.

मग कोठेतरी बिजागरी कुरकुरली. अगदी थोडी. त्या किनाऱ्यावरच्या झडपांच्या खालच्या भागाला एक फळी असते. ती आतून बाहेर ढकलली की उभे राहून रस्ता पाहता येतो आणि पाहणारा मात्र कोणास दिसत नाही. आवाज त्या फळीचा होता. म्हाताऱ्या बाया दिवसातून वीस वेळा ती ढकलतात. ऐकून ऐकून त्यास तो पाठ होता. आवाज भिंतीतून आला.

प्रॉस्पेरोची बुद्धी म्हणत होती: बाहेर जा, होडीवर जा, बाहेरून पाहा. पण त्याचा हात बुद्धीच्या आधीच पुढे झाला. त्याने तळवा भिंतीवर टेकविला, पलंगाच्या उशाच्या जरा वर.

भिंत उबदार होती. त्याच्या मनात आले, हे उगाच. पलीकडे ऊन आहे, दगड तापणारच. आणि मग क्षणभर त्यास इतका झगझगीत समुद्र दिसला की डोळे दिपले.

"बाबा! कॉफी थंड झाली हो!"

गावातून परतलेल्या ओरिएत्ताची हाक खालून येत होती. सुरावरून ती बराच वेळ हाका मारीत असावी. छतावर काही नव्हते. त्याने हात काढून घेतला आणि खाली गेला. गच्चीवर पाऊल टाकताच त्यास थांबावे लागले. समुद्र त्यास मोठा वाटला. पुष्कळ काळाने पाहणाऱ्यास वाटतो तसा.

"कुठं होतात?"

"डोळा लागला होता," तो म्हणाला.

५

त्यानंतर त्यास स्वस्थता लाभली नाही. ओरिएत्ता त्या भिंतीला डोके लावून झोपत होती. स्वतःपुरता प्रश्न असता तर त्याने तो सावलीवाणी सोबत बाळगला असता. मुलीच्या उशाशी असलेला प्रश्न असा बाळगता येत नाही. बोलावे तर घर जाते. न बोलावे तर... न बोलल्याने काय होईल हेच त्यास ठाऊक नव्हते.

सकाळी होडीतून पाहिले तेव्हा मधल्या झडपेची खालची फळी किंचित बाहेर आलेली होती. तिच्या आत काळोख होता. रंगाचा काळोख सपाट असतो. हा खोल होता.

विचारांती प्रॉस्पेरोने एक युक्ती काढली, आणि ती आपल्या बुद्धीला शोभेशीच आहे असे त्यास वाटले. साक्षीदार हवा, पण त्याला काय पाहावयाचे ते ठाऊक नसावे. ओरिएत्ता लहानपणापासून समुद्राकडे पाठ करून वाढलेली. बंगल्याकडे तिने खालून एकदाही नीट पाहिले नव्हते. तिने काहीच पाहिले नाही तर दोष आपल्या डोळ्यांचा. मग निमूटपणे तुरीन. तिने पाहिले तर दोघे मिळून त्याच दुपारी सामान बांधू.

"ओरी, आज तू होडी घेऊन जा," तो जेवणानंतर म्हणाला. "माझा हात दुखतोय."

"मी? मला वल्हवून किती वर्षं झाली!"

"फार लांब नको. बंगल्यासमोर जा, आणि खालून बघून मला सांग, बंगला कसा दिसतो."

"कसा दिसणार? गुलाबी."

"नीट बघून सांग."

देल्फिना भांडी विसळीत होती. ती मागे न वळता म्हणाली, "जा गं पोरी, जा. घरात बसून बसून पिठासारखी पांढरी झालीयेस. तुझ्या वडिलांना मी सांभाळते. पळून गेले तर ओरडते."

"देल्फिनाबाई, मी काही लहान मूल नाही."

"नाहीच हो. लहान मूल सांगितलेलं ऐकतं."

ओरिएत्ता हसत पायऱ्या उतरली. प्रॉस्पेरो स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर बसला. तेथून समुद्र दिसत नव्हता. मुद्दामच त्याने ती जागा निवडली. देल्फिनाने त्याच्या मांडीवर पावट्यांचे पातेले ठेविले. त्याने अंगात निळा गंजीफ्रॉक घातला होता. सकाळचा पांढरा सदरा समोरच्या दोरीवर वाळत होता, त्याच्या बाह्यांतून अजून पाणी ठिबकत होते. तो शेंगा सोलीत राहिला आणि देल्फिना आपल्या जावेच्या उखाळ्यापाखाळ्या काढीत राहिली. तो जागचा हलला नाही. देल्फिनाही हलली नाही.

६

ओरिएत्ता परत आली ती धापा टाकीत, गाल लाल झालेले, फारा दिवसांनी मोकळी हसणारी.

"बाबा, तुम्ही पण ना! हात दुखतो म्हणालात, आणि एवढा वेळ हात हलवत होतात! मी आपली दोन्ही वल्ही सोडून तुम्हाला हात करतेय, आणि होडी चालली खडकावर."

प्रॉस्पेरोच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुठून?"

"कुठून म्हणजे? खिडकीतून. खालची फळी उचलून. आधी नुसता हात दिसला, मग वाकलात तेव्हा तोंड. काहीतरी ओरडतही होतात, पण वाऱ्यात ऐकू कुठं येतं? म्हटलं, वर जाऊनच विचारू."

"कोणत्या खिडकीतून, ओरी?"

"मधल्या."

देल्फिना हसावयास लागली होती. तिचे हसू मध्येच थांबले. "अगं, मधल्या तर रंगवलेल्या आहेत. तिन्ही."

"असं कसं? उघडी होती."

"रंगवलेली आहे गं. आणि हे तर तू गेल्यापासून इथं बसलेत, माझ्यासमोर. शेंगा बघ की किती झाल्यात."

ओरिएत्ताने बापाकडे पाहिले. त्याच्या मांडीवरच्या पातेल्याकडे पाहिले. निळ्या गंजीफ्रॉककडे पाहिले.

"तुम्ही पांढरा सदरा घातला होता," ती सावकाश म्हणाली.

दोरीवरचा सदरा वाऱ्याने एकदा फुगला आणि पडला.

प्रॉस्पेरोला याच क्षणाची अपेक्षा होती. साक्षीदाराने पाहिले होते. त्याचे डोळे शाबूत होते, त्याची बुद्धी शाबूत होती, त्याचे घर त्याचे राहणार होते. एखादी जड पेटी नेमक्या जागी टेकावी तसे त्यास वाटावयास हवे होते. तसे वाटले नाही. त्याने तिला सारे सांगितले: सावली, छतावरचा उजेड, बिजागरी. ओरिएत्ता ऐकत होती, पण तिचे लक्ष त्याच्या शब्दांवर नव्हते. ती त्याचा चेहरा पाहत होती. एखादा परिचित मजकूर दुसऱ्यांदा वाचताना कोठे अडखळावे तसे.

७

ती वर गेली. तो मागोमाग गेला. देल्फिना जिन्याच्या तळाशी थांबली आणि तिने छातीवर क्रूस काढला, मग आपण काढला याचाच राग आल्यासारखी कमरेच्या फडक्याला हात पुसू लागली.

ओरिएत्ताने पलंग ओढून बाजूला केला. भिंत कोरी होती. तिने बोटांच्या पेरांनी ठिकठिकाणी वाजवून पाहिले. सर्वत्र दगडाचा बद्द आवाज आला. मग तिने कान लावला.

"काय?" प्रॉस्पेरोने विचारले.

 ती कान लावून ऐकतच राहिली. मग तिने कान काढला आणि त्याच्याकडे न पाहता विचारले, "तुम्ही या खोलीत आधी आला होतात?"

"एकदा. तू गावात गेली होतीस तेव्हा."

"भिंतीला हात लावला होता?"

"हो."

"मग?"

"मग तू हाक मारलीस. मी खाली आलो."

"मी बऱ्याच हाका मारल्या होत्या, बाबा."

"डोळा लागला होता, सांगितलं ना तुला."

"उभ्या उभ्या?"

 त्यास खरोखरच आठवत नव्हते. हात टेकविला, आणि हात काढला. या दोहोंच्या मध्ये एक झगझगीत समुद्र होता, याखेरीज काही नव्हते. तसे प्रांजळपणे सांगावे असे त्यास वाटले. सांगितल्याने काय सिद्ध होणार होते?

"ओरी, मला काही झालं नाही," तो म्हणाला. "मी बरा आहे. इकडे बघ."

तिने पाहिले. मग ती म्हणाली, "आई मला लाडानं कोणत्या नावानं हाक मारायची?"

"निनिन," तो तत्काळ म्हणाला. "हे काय विचारणं झालं?"

"हो. निनिन," ती म्हणाली, पण उत्तर बरोबर आल्याने तिचा चेहरा उजळला नाही.

"सामान भरू या," ती म्हणाली. "चारची बोट मिळेल."

८

देल्फिनाने धक्क्यापर्यंत पोचविले. तिने रोझमेरीचा पाव फडक्यात बांधून दिला. निरोपाचे एरवी सुचणारे शंभर शब्द तिला त्या दिवशी सुचले नाहीत. "जपून जा," एवढेच ती म्हणाली, आणि तेही दोघांच्या मधल्या जागेकडे पाहून.

किनाऱ्याची उतारूंची बोट भरलेली होती. टोप्या घातलेल्या बायका, आइसक्रीमने हात चिकट झालेली पोरे, कोणाचा तरी वाजता रेडिओ. प्रॉस्पेरो आणि ओरिएत्ता कठड्यापाशी उभे राहिले. ओरिएत्ताने सवयीने त्याच्या दंडात हात घातला होता. बोट टोकाला वळसा घालू लागली तसा बुरुज मागे पडला आणि बंगल्याची गुलाबी भिंत हळूहळू समोर आली.

"किती छान दिसतं ना," शेजारची एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली. "आणि खिडक्या! अगदी खऱ्या वाटतात."

प्रॉस्पेरोने पाहिले. चौकस माणसास न पाहणे जमत नाही. पाच खिडक्या होत्या. मधलीची झडप मिटलेली होती, खालची फळी मिटलेली होती, आणि तिची सावली दोन्ही शेजारणींप्रमाणे डावीकडे होती. रंगाची, सपाट, स्थिर. एवढ्या दिवसांत प्रथमच ती जशी असावयास हवी तशी होती. त्याच्या छातीतून एक दीर्घ श्वास बाहेर पडला.

"बघ, ओरी," तो म्हणाला. "काही नाही. मिटलेली आहे. रंगच आहे."

दंडातला हात निसटला.

त्याने वळून पाहिले. ओरिएत्ता दोन्ही हातांनी कठडा धरून पुढे वाकली होती. तिचे डोळे मधल्या खिडकीवर होते आणि भरून आले होते. तिचे डोके किंचित हलत होते, एखाद्याचे बोलणे दुरून समजून घ्यावे तसे. शेजारी बाप उभा असल्याचे तिच्या गावीही नव्हते.

"बाबा," ती म्हणाली.

ती त्याच्याशी बोलत नव्हती. ती भिंतीकडे पाहून म्हणाली, हळूच, जसे एखाद्याला मागे ठेवून जाताना म्हणावे.

बोट वळली. पाइनच्या झाडांमागे भिंत गेली.

प्रॉस्पेरो फिगारी आपल्या जेनोवाच्या घरी राहतो. तो स्वतःचे जेवण स्वतः करतो आणि बाजारातून एकटा परत येतो. ओरिएत्ता रविवारी दूरध्वनी करते, प्रकृती विचारते, आणि दोन मिनिटांत ठेवते. तुरीनला येण्याविषयी तिने त्यास पुन्हा एकदाही विचारले नाही.